१९६८ची वर्ल्ड सिरीज: सगळे दोघांकडे बघत होते, जिंकून गेला तिसराच

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'अं', 'म्हणजे कसं' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)



ऑक्टोबर म्हणजे अमेरिकेत बेसबॉलच्या प्लेऑफचा महिना. आपल्याकडे आयपीएल फायनलच्या आधी 'कोण जिंकणार' अशा व्हिडिओंचं जसं पीक येतं, तसंच तिकडे या महिन्यात येतं. आणि समोरासमोरच्या दोन्ही टीमची पिचिंग तगडी असली की जवळजवळ प्रत्येक प्रिव्ह्यूमध्ये एकच सूर ऐकू येतो: रन कमी होणार, आणि ज्यांचा एक नंबरचा पिचर जास्त भारी, ते जिंकणार.

ऐकायला एकदम पटतं हे. मलाही पटतं. म्हणूनच आज मी अशा एका सिरीजची गोष्ट निवडलीये, जिच्यात दोन्ही बाजूंचे एक नंबरचे पिचर त्या वर्षी अक्षरशः दंतकथा झाले होते. साल १९६८. एकीकडे सेंट लुईस कार्डिनल्स, दुसरीकडे डेट्रॉइट टायगर्स.

आपण असं करू. आधी १ ऑक्टोबर १९६८च्या संध्याकाळी जाऊन बसू. निकाल माहीत नाही असं धरून चालू आणि प्रिव्ह्यू करू. मग सातही मॅच बघू. आणि शेवटी बघू की त्या प्रिव्ह्यूमधून नेमकं काय निसटलं.

आधी दोन मिनिटं, बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी

पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला बॉलर. पण एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की बॉलर बदलतो. इथे एकच पिचर थकेपर्यंत टाकत राहतो. मॅच ९ इनिंग्जची, दर इनिंगला ३ आऊट. म्हणजे एकट्याने पूर्ण मॅच टाकायची तर २७ जणांना आऊट करायचं. त्यासाठी शंभर-सव्वाशे बॉल, तेही प्रत्येक वेळी अख्खा खांदा झोकून. दुसऱ्या दिवशी तो हात वर होत नाही. म्हणून पिचर रोज खेळत नाही. त्या काळात साधारण ३ दिवस विश्रांती घेऊन तो परत यायचा, आता त्याहून जास्त घेतो.

दुसरी गोष्ट: पिचर सपाट जमिनीवर उभा नसतो. मातीच्या एका उंचवट्यावर असतो, त्याला माउंड म्हणतात. १९६८ मध्ये त्याची उंची होती १५ इंच. हा आकडा डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि तिसरी गोष्ट, ई.आर.ए. नावाचा आकडा. फील्डरच्या चुकांमुळे गेलेले रन वगळून, पिचरने दर ९ इनिंग्जमागे सरासरी किती रन दिले, ते हा आकडा सांगतो. जितका कमी तितकं चांगलं. ३च्या आसपास असला तर पिचर चांगला. २च्या खाली गेला तर वर्षाची मोठी बातमी.

झालं. एवढं पुरे.

पिचरचं वर्ष

१९६८ला अमेरिकन लोक आजही 'पिचरचं वर्ष' म्हणतात. का, ते बघा.

अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगचा किताब मिळाला बॉस्टनच्या कार्ल यास्त्रेम्स्कीला, सरासरी ०.३०१. म्हणजे हजार प्रयत्नांत ३०१ हिट. किताब जिंकणाऱ्या बॅटरची एवढी कमी सरासरी त्याआधीही नव्हती आणि नंतरही नाही. सगळ्या मेजर लीगची मिळून सरासरी होती ०.२३७. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या डॉन ड्रायस्डेलने सलग ५८ इनिंग्ज एकही रन दिला नाही.

सप्टेंबरमध्ये तर कमालच झाली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका संध्याकाळी जायंट्सच्या गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सना एकही हिट मारू दिली नाही. दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने जायंट्सना एकही हिट मारू दिली नाही! उट्टं काढलं म्हणा ना.

हे असं का होत होतं? एक कारण माउंडची उंची. पिचर जितका उंच, तितका बॉल वरून खाली येतो आणि बॅटला तो नीट सापडत नाही. दुसरं कारण नियमाचं. १९६३ मध्ये स्ट्राइक झोन मोठा केला होता, खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. म्हणजे बॅटरला जास्त मोठा भाग राखायचा होता. तिसरं कारण म्हणजे नुसती माणसं. त्या पिढीत पिचरच जबरदस्त होते.

आणि त्यातले दोन सगळ्यात वर.

प्रिव्ह्यू: बॉब गिब्सन विरुद्ध डेनी मॅक्लेन

पहिला, सेंट लुईसचा बॉब गिब्सन. वय ३२. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला. जन्मायच्या आधीच वडील गेले. लहानपणी मुडदूस आणि दमा. मोठा झाल्यावर एवढा चांगला खेळाडू की काही काळ हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून बास्केटबॉलही खेळला.

१९६८चं त्याचं प्रगतिपुस्तक: ई.आर.ए. १.१२. हो, बरोबर ऐकलंत. ९ इनिंग्जमागे जेमतेम १ रन. १३ मॅच अशा, ज्यांत समोरच्या टीमला शून्य. एकूण ३४ मॅच सुरू केल्या, त्यांतल्या २८ स्वतःच संपवल्या.

आता एक विचित्र गोष्ट बघा. असा पिचर त्या सीझनमध्ये २२ मॅच जिंकला, ठीक आहे, पण ९ हरलासुद्धा. १.१२ वाला माणूस ९ वेळा हरतोच कसा? कारण कार्डिनल्सचे बॅटर रन करत नव्हते. मघाशी पेरीच्या त्या नो-हिटरबद्दल बोललो ना, ती मॅच कार्डिनल्स १-० हरले. समोर पिचिंग कोण करत होतं? गिब्सनच. अख्ख्या सीझनमध्ये कार्डिनल्सच्या होमरन ७३. टायगर्सच्या १८५. हा आकडा तेव्हाही सगळ्यांसमोर होता, पण गिब्सनचं नाव आलं की लोक पुढचं वाचतच नव्हते.

दुसरा, डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन. वय फक्त २४. स्वभावाने गिब्सनच्या बरोब्बर उलटा. गिब्सन अबोल, कडक, मैदानावर समोरच्या खेळाडूशी हसायचाही नाही. मॅक्लेन बडबड्या, ऑर्गन वाजवणारा, विमान चालवणारा, कॅमेरा दिसला की खुलणारा. त्या वर्षी त्याने ३१ मॅच जिंकल्या, फक्त ६ हरला. ३० किंवा त्याहून जास्त मॅच जिंकणारा त्याआधीचा पिचर होता १९३४चा डिझी डीन, आणि मॅक्लेननंतर आजपर्यंत मेजर लीगमध्ये कुणालाही ते जमलेलं नाही.

दोघांनाही आपापल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा आणि सर्वोत्तम पिचरचा, असे दोन्ही किताब त्या वर्षी मिळाले.

मग प्रिव्ह्यू काय होणार? उघड आहे. गिब्सन विरुद्ध मॅक्लेन. सिरीज सात मॅचची, जो आधी चार जिंकेल त्याची. पहिली मॅच हे दोघे, चौथी मॅच हे दोघे, आणि लांबलीच तर सातवी हे दोघे. बाकी सगळे पाहुणे कलाकार. कार्डिनल्स आदल्या वर्षीचे चॅम्पियन, त्यामुळे पारडं त्यांचं जड. १९६७च्या सिरीजमध्ये गिब्सनने एकट्याने तीन मॅच जिंकून दिल्या होत्या, तेही त्याच वर्षी पाय मोडून परत आल्यावर.

मी त्या दिवशी पैज लावली असती तर गिब्सनवरच लावली असती. तुम्हीही लावली असती.

डेट्रॉइटमध्ये तेव्हा काय चाललं होतं

मॅचकडे जायच्या आधी थोडं थांबू या. कारण ही सिरीज काही हवेत झाली नाही.

२३ जुलै १९६७, रविवार. डेट्रॉइटमध्ये १२व्या रस्त्यावर पोलिसांनी एका अड्ड्यावर धाड टाकली आणि दंगल पेटली. काही दिवसांत ४३ माणसं मेली. शहरात सैन्य आलं. रविवारी टायगर्सची मॅच चालू होती आणि मैदानातून धूर दिसत होता. मॅच संपल्यावर विली हॉर्टन नावाचा टायगर्सचा कृष्णवर्णीय खेळाडू, याच शहरात वाढलेला, युनिफॉर्म न बदलता तसाच त्या वस्तीत गेला, गाडीवर उभा राहिला आणि लोकांना घरी जा म्हणून विनवू लागला. लोकांनी त्याला ओळखलं, पण दंगल थांबली नाही.

त्याच टीमचा आणखी एक पिचर नॅशनल गार्डमध्ये होता. त्यालाही दंगलीच्या बंदोबस्तासाठी बोलावलं गेलं. त्याचं नाव मिकी लोलिच. हे नाव पकडून ठेवा.

मग आलं १९६८. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. व्हिएतनामचं युद्ध चालूच. आणि डेट्रॉइटमध्ये तर शहराची दोन्ही मोठी वर्तमानपत्रं संपामुळे नोव्हेंबर १९६७ पासून ऑगस्ट १९६८ पर्यंत बंद! विचार करा, टीम २३ वर्षांनी चॅम्पियन व्हायच्या वाटेवर आहे आणि सकाळी वाचायला पेपर नाही. मग लोकांना मॅच कळायची कशी? रेडिओवरून. अर्नी हार्वेल नावाच्या समालोचकाच्या आवाजातून. उन्हाळ्यात घरांच्या ओसऱ्यांवर, दुकानांत, गाड्यांमध्ये तोच आवाज. काळ्या वस्तीतही तोच, गोऱ्या वस्तीतही तोच. कानाने ऐकलेल्या गोष्टी कशा चिकटतात, हे आपल्यासारख्या पॉडकास्टवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पहिल्या चार मॅच: प्रिव्ह्यू खरा ठरतोय

२ ऑक्टोबर, सेंट लुईस. पहिली मॅच. गिब्सनने १७ जणांना स्ट्राइकआऊट केलं. २७ पैकी १७ आऊट असे, की बॅटरला बॉल मैदानात मारताच आला नाही. वर्ल्ड सिरीजच्या एका मॅचमधला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. आधीचा विक्रम १५चा, सँडी कूफॅक्सचा. नवव्या इनिंगमध्ये १५वा झाला तेव्हा कॅचर टिम मॅकार्व्हर त्याला खुणा करून मागे स्कोअरबोर्ड दाखवत होता. गिब्सन मात्र 'बॉल दे आधी' असं खुणावत होता. शेवटचे तिघे कोण, तर अल केलाइन, नॉर्म कॅश आणि विली हॉर्टन. डेट्रॉइटचे सगळ्यात दादा बॅटर. तिघेही गेले. ४-०. मॅक्लेनला ५ इनिंग्जनंतर काढावं लागलं.

दुसरी मॅच डेट्रॉइटने जिंकली, ८-१. पिचर होता मिकी लोलिच. त्याने पूर्ण ९ इनिंग्ज टाकल्या आणि वर एक होमरनही मारली. लोलिच १६ सीझन खेळला आणि ही त्याच्या आयुष्यातली एकमेव होमरन! लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा गिब्सन-मॅक्लेनच्या गप्पा सुरू झाल्या.

तिसरी मॅच कार्डिनल्सची, ७-३. चौथीत पुन्हा तीच जोडी, गिब्सन आणि मॅक्लेन, आणि वरून पाऊस. मॅक्लेन तिसरी इनिंगही पूर्ण करू शकला नाही. त्याचा खांदा दुखत होता. त्या सीझनमध्ये त्याने ३३६ इनिंग्ज टाकल्या होत्या, म्हणजे काय ते तुम्हीच बघा. गिब्सनने पूर्ण मॅच टाकली, १० स्ट्राइकआऊट, आणि स्वतः होमरनही मारली. १०-१.

कार्डिनल्स ३-१ने पुढे. आता एकच मॅच हवी. आणि हातात गिब्सन शिल्लक.

पाचवी मॅच: एक न मारलेली घसरण

७ ऑक्टोबर, डेट्रॉइट. मॅचच्या आधी राष्ट्रगीत गायला पोर्तो रिकोत जन्मलेला, अंध, तरुण गायक होझे फेलिसियानो. त्याला निवडलं होतं त्या रेडिओवाल्या अर्नी हार्वेलनेच. फेलिसियानोने गिटार घेऊन ते त्याच्या पद्धतीने, संथ, ब्लूजसारखं गायलं. देशभरातून संतापाचे फोन आले. आज त्या स्टेजवर कुणीही आपापल्या ढंगात ते गातं, पण तेव्हा लोकांना तो अपमान वाटला. १९६८चं वातावरण किती तापलेलं होतं, ते यावरून कळतं.

मॅच. लोलिच पिचिंगला आणि पहिल्याच इनिंगमध्ये ३ रन गेले. संपलंच म्हणायचं. टायगर्सनी कसेबसे ३-२ केले. पाचव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सचा लू ब्रॉक दुसऱ्या बेसवर. हा ब्रॉक म्हणजे वारा. त्या सीझनमध्ये ६२ बेस चोरलेले. पुढच्या बॅटरने डावीकडे हिट मारली, ब्रॉक होम प्लेटकडे सुटला. डावीकडे फील्डर कोण? विली हॉर्टन, तोच, दंगलीत गाडीवर उभा राहिलेला. त्याने थेट थ्रो केला. कॅचर बिल फ्रीहन पाय रोवून उभा. ब्रॉकने घसरण मारलीच नाही, उभ्यानेच धडकला. आऊट!

ब्रॉकला वाटलं असणार की आपण आरामात पोचतोय. हॉर्टनचा हात काही नावाजलेला नव्हता. पण तो रन झाला नाही, आणि तिथून सिरीज फिरली.

सातव्या इनिंगमध्ये आणखी एक निर्णय. बॅटिंगला लोलिचची पाळी. टीम मागे, बहुतेक मॅनेजर इथे पिचरला बसवतात आणि चांगला बॅटर पाठवतात. मॅनेजर मेयो स्मिथने लोलिचलाच पाठवलं. लोलिचने एक मरतुकडी हिट मारली, पण बेसवर पोचला. मग बेस भरले, आणि अल केलाइनने हिट मारून दोन रन आणले. केलाइन १९५३ पासून याच टीममध्ये होता आणि वर्ल्ड सिरीज खेळायची ही त्याची पहिलीच वेळ. टायगर्स ५-३.

इथे या मेयो स्मिथबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. केलाइनचा हात सीझनमध्ये मोडला होता. तो परत आला तेव्हा आऊटफिल्डमध्ये जागाच नव्हती, तिघे तरुण छान खेळत होते. शॉर्टस्टॉपला जो होता, रे ऑयलर, त्याची बॅटिंग सरासरी होती ०.१३५. स्मिथने काय केलं? सेंटर फील्डवाल्या मिकी स्टॅन्लीला वर्ल्ड सिरीजमध्ये शॉर्टस्टॉपला उभं केलं. म्हणजे बाउंड्रीवरच्या माणसाला फायनलमध्ये एकदम विकेटकीपिंग द्यावं, तसं काहीसं. लोक वेड्यात काढत होते. पण त्यामुळेच केलाइन टीममध्ये आला, आणि पाचवी मॅच त्याच्याच बॅटवरून परत मिळाली.

सहावी आणि सातवी

सहावी मॅच, ९ ऑक्टोबर, परत सेंट लुईस. मॅक्लेनने दुखऱ्या खांद्यात इंजेक्शन घेतलं आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरला. या वेळी टायगर्सच्या बॅटरनी तिसऱ्याच इनिंगमध्ये १० रन कुटले. १३-१. सिरीज ३-३.

आणि आता सातवी. १० ऑक्टोबर. गिब्सन ३ दिवसांची विश्रांती घेऊन ताजा. मॅक्लेन कालच संपलेला. डेट्रॉइटकडे उरलं कोण? मिकी लोलिच, ज्याने दोनच दिवस सोडून पूर्ण मॅच टाकली होती.

लोलिचबद्दल सांगतो. दिसायला खेळाडू वाटायचाच नाही. पोट सुटलेलं, तोही स्वतःवर विनोद करायचा. जन्माने उजवा, पण लहानपणी एक मोटरसायकल अंगावर पडून डावीकडचं गळपट्टीचं हाड मोडलं. हात परत चालता व्हावा म्हणून डाव्या हाताने वस्तू फेकायला लागला आणि डावखुरा पिचर झाला. मोठेपणी मात्र मोटरसायकलींचंच वेड. सीझनमध्ये १७ मॅच जिंकलेला, पण ऑगस्टमध्ये एवढा वाईट टाकत होता की त्याला काही दिवस राखीव पिचरांत बसवलं होतं.

स्मिथने त्याच्याकडे फक्त ५ इनिंग्ज मागितल्या. पाच झाल्यावर, अजून एक जमेल का? मग अजून एक.

पहिल्या सहा इनिंग्ज ०-०. गिब्सनने पहिल्या २१ बॅटरपैकी २० जणांना आऊट केलं. सहाव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सचा ब्रॉक बेसवर आला, लोलिचने त्याला बेसच्या बाहेर पकडून आऊट केलं. थोड्याच वेळात कर्ट फ्लड बेसवर आला, लोलिचने त्यालाही तसंच पकडलं. कार्डिनल्सचं बलस्थान वेग, आणि त्या वेगाचीच दोनदा विकेट.

सातवी इनिंग. दोन आऊट. नॉर्म कॅशची हिट. विली हॉर्टनची हिट. मग जिम नॉर्थरपने सेंटर फील्डकडे जोरात बॉल मारला. सेंटर फील्डला कर्ट फ्लड, त्या काळातला सर्वोत्तम फील्डरांपैकी एक. सलग कित्येक वर्षं त्याला फील्डिंगचा किताब मिळत होता. फ्लड एक पाऊल पुढे आला. मग त्याला कळलं की बॉल डोक्यावरून जातोय. वळला, पाय घसरला, सावरला, पण बॉल मागे गेला होता. दोन रन. पुढच्याच हिटवर तिसरा. टायगर्सनी शेवटी मॅच ४-१ जिंकली. लोलिचने नऊच्या नऊ इनिंग्ज टाकल्या. शेवटचा कॅच घेतल्यावर फ्रीहनने लोलिचला चक्क कडेवर उचलून घेतलं. तो फोटो तुम्ही कधी पाहिला असेल.

फ्लडने ड्रेसिंग रूममध्ये सगळा दोष स्वतःवर घेतला. गिब्सनने मात्र त्याला कधीच दोषी धरलं नाही. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की आम्ही रन केले नाहीत, मग त्याला काय बोलायचं.

मग प्रिव्ह्यू चुकला कुठे?

आता आकडे बघा. गिब्सन: ३ मॅच, २७ इनिंग्ज, ई.आर.ए. १.६७. लोलिच: ३ मॅच, २७ इनिंग्ज, ई.आर.ए. १.६७. तंतोतंत तेच! स्ट्राइकआऊट बघितले तर गिब्सनचे ३५, तोही विक्रम. म्हणजे गिब्सनबद्दलचा अंदाज चुकला नव्हताच. तो जितका भारी असेल असं वाटलं होतं, तितका होता.

माझ्या मते चूक अशी झाली. प्रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी सगळ्यात चांगला हात मोजला. पण सात मॅचमध्ये एक हात जास्तीत जास्त तीनदाच येतो. उरलेल्या चार मॅच कोण टाकणार, हा प्रश्न बाजूला राहिला. दोन्हीकडे पिचिंग एवढी तगडी असते तेव्हा एक नंबरचे पिचर एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. मग निकाल जातो थकलेल्या खांद्यांकडे, तिसऱ्या माणसाकडे, एखाद्या थ्रोकडे, एका चुकलेल्या पावलाकडे. रन कमी असले की प्रत्येक छोटी गोष्ट महाग होते. दहा रनच्या मॅचमध्ये फ्लडचा पाय घसरला असता तर आज कुणाला आठवलंही नसतं.

आणि कार्डिनल्सच्या त्या ७३ होमरन आठवतायत? सीझनमध्ये गिब्सनला ९ वेळा हरवणारी गोष्टच सातव्या मॅचमध्येही त्याच्या आड आली. रन नाहीत. कागदावर सगळं आधीपासून होतं. आपणच वाचलं नाही.

पुढे काय झालं

पिचर एवढे जिंकले की शेवटी नियमच बदलले. १९६९ पासून माउंड १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन लहान केला. रन लगेच वाढले. त्याच वर्षी चार नव्या टीम आल्या, लीगचे विभाग पडले आणि वर्ल्ड सिरीजच्या आधी प्लेऑफची फेरी सुरू झाली. म्हणजे १९६८ हे सीझनमधून थेट वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्याचं शेवटचं वर्ष. गिब्सन मात्र खालच्या माउंडवरूनही जिंकतच राहिला, १९७० मध्ये परत सर्वोत्तम पिचर ठरला.

मॅक्लेन १९७० मध्ये सट्टेबाजांशी संबंधांमुळे निलंबित झाला. १९७२ नंतर मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. तेव्हा वय फक्त २८. पुढे तुरुंगातही गेला. लोलिचने निवृत्तीनंतर मिशिगनमध्ये डोनटचं दुकान चालवलं.

आणि कर्ट फ्लड. मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो. १९६९च्या शेवटी कार्डिनल्सनी त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा नियम असा की करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मालकीचा. क्लब म्हणेल तिकडे जा, नाहीतर खेळ सोड. फ्लड नाही म्हणाला. मी विकायची वस्तू नाही, असं त्याने बेसबॉलच्या कमिशनरला कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ५-३ने हरला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पण १९७५ मध्ये एका लवादाच्या निर्णयाने तो नियम मोडला आणि खेळाडूंना आपला क्लब निवडायची मुभा मिळाली. आज कोट्यवधी डॉलरचे जे करार आपण बातम्यांत वाचतो, त्यांची वाट या माणसाने मोकळी केली. तरी यूट्यूबवर त्याचं नाव टाकलं की आधी ती घसरण दिसते.

डेट्रॉइटबद्दल अनेक वर्षं असं सांगितलं जातं की या विजयाने शहराच्या जखमा भरल्या. मला हे जरा सोपं वाटतं. त्या रात्री रस्त्यांवर काळे-गोरे एकत्र नाचले, हे खरं. पण पुढच्या दशकांत शहर ओस पडत गेलं, कारखाने बंद झाले, माणसं निघून गेली. एक सिरीज ते थांबवू शकत नव्हती. तिने लोकांना एक आठवडा दिला, जेव्हा सगळे एकाच आवाजाला कान लावून बसले होते. माझ्या मते तेवढंही कमी नाही, पण त्याला त्याहून मोठं नाव द्यायला नको.

बॉब गिब्सन २ ऑक्टोबर २०२० रोजी गेला. त्या १७ स्ट्राइकआऊटच्या मॅचला त्याच दिवशी बरोबर ५२ वर्षं झाली होती.

तर मंडळी, या ऑक्टोबरमध्ये दोन तगड्या पिचिंगच्या टीम भिडल्या आणि कुणी तुम्हाला दोनच नावं सांगितली, तर एक प्रश्न विचारा: दोन दिवसांच्या विश्रांतीवर सातव्या मॅचला कोण उतरणार आहे? उत्तर आलं नाही, तर तो प्रिव्ह्यू अजून अर्धाच झालाय.

हा भाग आवडला तर बेसबॉल अजिबात न बघणाऱ्या एका मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!